पूल नंतर बांधा, आधी सलग फुटपाथ द्या

आमच्या फॅमिली ग्रुपवर परत पुलावरून जुंपली. पुणे विद्यापीठ चौकातले जुने उड्डाणपूल २०२० मध्ये मेट्रोसाठी पाडले, त्या जागी दुमजली पूल आला, आणि तरी कोण म्हणतं अजून पूल हवेत, कोण म्हणतं टेकडीवरून बालभारती ते पौड फाटा रस्ता एकदाचा करून टाका. त्यात मी इंग्लंडहून लिहिलं की मी रोज गाडी चालवणं बंद केलंय, ऑफिसला चालत जाते, तर लगेच मामाचं उत्तर, तुमच्याकडे थंड हवा आणि शिस्तीचे लोक, इथे जमणारे का?

हवेचं म्हणाल तर मला अजिबात पटत नाही. मी इंग्लंडमधे मिल्टन कीन्सला राहते, इथे डिसेंबरमधे चारला अंधार पडतो आणि भुरभुर पाऊस कधी येईल सांगता येत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारीची पुण्याची सकाळ चालायला यापेक्षा किती तरी छान असते!

आणि मिल्टन कीन्स तर मुळात गाड्यांसाठीच आखलेलं. १९६७ मधे नवं शहर म्हणून जाहीर झालं, साधारण एकेक किलोमीटरवर उभे-आडवे मोठे रस्ते, जिथे तिथे राउंडअबाउट. पण आखणाऱ्यांनी चालणाऱ्यांना आणि सायकलवाल्यांना वेगळी लाल डांबराची वाट दिली, तिला रेडवे म्हणतात, अशा वाटा आता ३०० किलोमीटरच्या आसपास आहेत. मोठा रस्ता आला की वाट बहुतेक ठिकाणी खालून बोगद्याने पलीकडे निघते, त्यामुळे घरापासून ऑफिसपर्यंत पाऊण तासात मला जोरात जाणाऱ्या गाड्यांसमोर जीव मुठीत धरून उभं राहावं लागत नाही. पार्किंगचे आणि पेट्रोलचे पैसे वाचतात ते वेगळंच, पण मी चालते ते वाट तुटत नाही म्हणून.

शिस्तही आपोआप आलेली नाही. जानेवारी २०२२ मधे इथल्या हायवे कोडमधे, म्हणजे रस्त्यावरच्या नियमांच्या पुस्तकात, बदल करून सांगितलं की वळणाऱ्या गाडीने, ओलांडायला थांबलेल्या माणसाला आधी जाऊ द्यायचं. सगळे पाळतात असं नाही, पण नियम कोणाच्या बाजूने आहे ते स्पष्ट आहे.

आता एक गोष्ट मात्र पुण्याचीच चांगली. रेडवे रात्री सुनसान असतात, त्या बोगद्यांमधून एकटं जायला मला नको वाटतं, हिवाळ्यात मी बऱ्याचदा संध्याकाळी बसने येते. लक्ष्मी रोडला रात्री नऊलाही दुकानं उघडी, माणसं असतात, बाईमाणसाला आधार वाटतो. ही गोष्ट कितीही पैसे घालून नव्याने बांधता येत नाही, आपल्याकडे ती आहेच.

नाहीये तो फुटपाथ. रस्ते कसे बांधायचे त्याचे मापदंड ठरवणाऱ्या आपल्याच इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेचं मार्गदर्शन सांगतं की चालायला किमान १.८ मीटर मोकळी जागा हवी, सुप्रीम कोर्टाने २०२५ मधे सांगितलं की फुटपाथ मिळणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. आणि कोथरूडला आमच्या गल्लीत काय आहे, तर डीपी बॉक्स, लावलेल्या टू-व्हीलर, दर सोसायटीच्या गेटला तुटलेला फुटपाथ आणि पुढे परत गुडघ्याएवढी पायरी, आईचे गुडघे दुखतात म्हणून ती सरळ रस्त्यावरूनच चालते. जंगली महाराज रस्त्याला रुंद फुटपाथ केले तर तिथे आजी-आजोबासुद्धा चालताना, बसलेले दिसतात ना? तीच हवा, तीच पुणेरी माणसं!

गाडी सोडा असं मी कोणालाही सांगणार नाही, हडपसरहून हिंजवडीला कोण चालत जाईल. पण दूध, भाजी, शाळा, क्लास या सगळ्या जवळच्या फेऱ्या आहेत, आणि त्यासाठी लोक स्कूटर काढतात कारण पायी जायची भीती वाटते. पूल कुठे हवा हे ठरवायला बसतो तेव्हा या फेऱ्यांचा विचार कोणी मांडतच नाही, याचा मला इथे बसून खूप त्रास होतो. आईच्या गेटपासून मंडईपर्यंत एकदा तरी सलग फुटपाथ करा, मधे कुठेही खाली उतरावं लागू नये असा, मग पुलाबद्दल हवं तेवढं भांडू.