'घरची परिस्थिती' हा रकाना: एका प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, नमस्कार.

मागच्या लेखात मी आठवी ते दहावीच्या वर्गशिक्षकांसाठी शिष्यवृत्त्या, वसतिगृहं आणि दहावीनंतरच्या वाटा यांचा तक्ता दिला होता. त्याखाली तुम्ही लिहिलंत: "मॅडम, तुमच्या तक्त्यात 'घरची परिस्थिती' असा रकाना आहे. हलाखीची असेल तर आयटीआय, बरी असेल तर सायन्स. मला दहावीला ८२ टक्के होते. आमच्या सरांनी हाच रकाना बघून मला फिटरला घातलं. सरांचा मुलगा माझ्याच वर्गात, ६९ टक्केवाला, तो डिप्लोमाला गेला. समान संधीच्या नावाखाली लिंका चिकटवू नका. तुमची पोरं लातूरला आणि आमची पोरं कानस घासायला."

पहिलं उत्तर रागात लिहिलं होतं, ते पाठवलं नाही. हे दुसरं.

लातूरचं आधी. खरं आहे. माझी मुलगी दोन वर्षं लातूरला नीटच्या क्लासला होती. पतसंस्थेचं कर्ज काढलं होतं, त्याचे हप्ते अजून चालू आहेत. एमबीबीएसला नंबर लागला नाही, आता फिजिओथेरपी करते आहे. ती दहावी झाली तेव्हा घरात कुणीच 'परिस्थिती काय' असं विचारलं नाही. तिला काय आवडतं एवढंच विचारलं, आणि पैशाचं बघू म्हणालो. वर्गातल्या पोरांसाठी मात्र मी तो रकाना केला, आणि तोही तिसरा, आवडीच्या आधीचा. तुम्ही दाखवेपर्यंत मला तो खटकलासुद्धा नव्हता. काल रात्री काढून टाकला.

तो आला कुठून, तेही सांगते. आमची प्रशाला जिल्हा परिषदेची, बालाघाटातली. दसरा-दिवाळी झाली की निम्मं गाव ऊसतोडीसाठी कोयता घेऊन साखर कारखान्यांकडे निघतं. पालक वर्गाच्या दारात उभे राहून विचारतात, "मॅडम, दोन वर्षांत हाताशी येईल असं काय आहे?" मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल डोक्यावर असलेल्या माणसाचा हा प्रश्न खोटा नसतो. मी त्याला तयार उत्तर देत गेले, आणि पुढे मूल बघायच्या आधीच तेच उत्तर तोंडात येऊ लागलं. तुमच्या सरांचंही असंच झालं असेल असं मी म्हणणार नाही. स्वतःच्या मुलाला दुसरं उत्तर दिलं म्हणजे ते त्यांना माहीत होतं.

'लिंका चिकटवू नका' हे मात्र अर्धंच पटलं. अर्धं पटलं, कारण गटावर लिंक सगळ्यांना सारखीच जाते आणि तिचा फायदा ज्याच्या घरात वाचणारं कुणी आहे त्यालाच होतो. उरलेल्या अर्ध्यासाठी एक गोष्ट सांगते.

एनएमएमएस, म्हणजे आर्थिक दुर्बल घटकांतल्या मुलांसाठीची केंद्राची शिष्यवृत्ती, तुम्हाला माहीत असेल. आठवीत परीक्षा, बौद्धिक क्षमता आणि शालेय विषय असे नव्वद-नव्वद प्रश्नांचे दोन पेपर. घरचं उत्पन्न वर्षाला साडेतीन लाखांच्या आत हवं, सातवीला ५५ टक्के हवेत, अनुसूचित जाती-जमातीला ५०. महाराष्ट्राचा कोटा ११,६८२. निवड झाली की नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये, म्हणजे एकूण ४८,०००. परीक्षा बहुतेकदा डिसेंबरात असते, म्हणजे आईबाप उसाच्या फडात असताना. उत्पन्नाच्या दाखल्याला तलाठ्याकडे आणि सेतूत खेटे घालायला घरात कोण उरतं? आजी. म्हणून तो दाखला जुलै-ऑगस्टात काढून ठेवायचा. मी तक्त्यात 'आवश्यक कागदपत्रे: उत्पन्न दाखला' एवढंच लिहिलं होतं. त्यात महिना नव्हता, आणि आमच्याकडे सगळं महिन्यावरच अडतं.

परीक्षा पास झाली म्हणजे पैसे आले, हाही मोठा गैरसमज. नववीत गेल्यावर मुलाला राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर अर्ज करावा लागतो. तो आधी शाळेनं आणि मग जिल्ह्यानं तपासायचा, आणि पुढच्या प्रत्येक वर्षी नूतनीकरण करायचं. आधीच्या शाळेत माझ्या वर्गातली चार मुलं निवडली गेली होती. आम्ही फळ्यावर अभिनंदन लिहिलं, फोटो काढला, पेढे वाटले. पोर्टलचा लॉगिन कुणी उघडलाच नाही. वर्गशिक्षिका मी होते. चौघांचेही पैसे गेले.

त्यानंतरच्या एका वर्षी, इथे, मुदतवाढ मिळत मिळत दिवाळी उलटली तरी एका मुलीचा अर्ज अडकलेला. शाळेच्या रजिस्टरला वडिलांचं नाव बाबासाहेब, आधारवर नुसतं बाबा. ते निस्तरलं, तर ओटीपी वडिलांच्या मोबाइलवर, आणि वडील पार कर्नाटकाच्या हद्दीजवळ, उसाच्या फडात. तीनदा ओटीपी पाठवला, तिन्ही वेळा वेळ संपली. चौथ्यांदा फोन लागला. "थांबा मॅडम, गाडी भरतोय." मागून कुणीतरी ओरडत होतं, मोळी वर फेकल्याचे आवाज येत होते. मग ते एकेक आकडा मोठ्यानं म्हणत गेले आणि पोरगी माझ्याशेजारी बसून टाइप करत गेली. पाचव्या आकड्याला रेंज गेली. पुन्हा लावला. झालं एकदाचं.

भाऊ, त्या दिवशी लिंक लागलीच होती, नसती तर आम्ही कुठे शिरलो असतो? तिच्यासोबत एक माणूस आणि एक दुपार लागली. पंचेचाळीस मुलांच्या वर्गात अशा किती दुपारी निघतात हे माझ्या जातीच्या, म्हणजे मास्तरांच्या जातीच्या, लोकांना विचारा. पण ज्या दुपारी निघतात त्या कुणावर खर्च करायच्या, हे ठरवताना मी आता पहिल्या बाकापासून सुरुवात करत नाही.

आयटीआयबद्दल मात्र तुमच्याशी थोडं भांडते. फिटर होणं ही शिक्षा नाही, आणि तुम्ही स्वतःही तसं म्हणत नाही आहात. तुमची तक्रार न विचारता घातल्याची आहे. ८२ टक्क्यांना शासकीय तंत्रनिकेतनाचा अर्ज तरी भरून बघायला हवा होता. तीन वर्षांत डिप्लोमा, पुढे पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश. आणि समजा आयटीआयच करायचा ठरला असता, तरी दोन वर्षांचा ट्रेड पास झालेल्याला डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो, हे सांगायला कुणाचं काय जात होतं? दोन अधिक दोन, चार वर्षं. एकच वर्ष जास्त, आणि हातात ट्रेडचं प्रमाणपत्र. फिटर लावून दिलं आणि शिडीची पुढची पायरी सांगितली नाही, तुमच्या सरांची खरी चूक मला ही वाटते. माझ्या तक्त्यातही आयटीआयपुढे 'लगेच रोजगार' एवढंच होतं. आता पुढची पायरी लिहिली आहे.

तसंच वसतिगृहाचं. अनुसूचित जातीच्या मुलाला शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही तर स्वाधार योजनेतून राहण्या-जेवणाचे पैसे मिळू शकतात. पण 'जागा मिळणार नाहीच' म्हणून पोरं वसतिगृहाचा अर्जच भरत नाहीत आणि तिथेच सगळं अडतं.

तुम्ही विचारलंय, "कल चाचणी तरी कुणाच्या कामाची?" मुलाचा ओढा कोणत्या क्षेत्राकडे आहे ते सांगणारी ही चाचणी २०१६ साली दहावीला सुरू झाली तेव्हा मला फार कौतुक होतं. सात क्षेत्रं, त्यातलं एक 'गणवेशधारी सेवा'. निकाल वाचून दाखवला तर एकानं विचारलं, "मॅडम, म्हणजे एसटीचा कंडक्टरपण का?" वर्ग हसला. मीही हसले, आणि त्याला उत्तर द्यायचं राहून गेलं. चाचणीनं कल सांगितला, पण त्या कलाच्या नोकरीतला एकही माणूस त्या पोरानं जवळून पाहिला नव्हता. कंडक्टर पाहिला होता, म्हणून त्यानं तो विचारला.

म्हणून आता तुमच्याकडे एक मागणं आहे. प्रतिक्रियेत तुम्ही लिहिलंय की तुम्ही चाकणला कंपनीत आहात आणि मधे नोकरी सांभाळून डिप्लोमा केलात. आमच्या दहावीतल्या सात जणांना आयटीआय म्हणजे नेमकं काय ते बघायचंय. ॲप्रेंटिस असतानाच्या स्टायपेंडची पावती जपून ठेवली असेल तर नाव झाकून तिचा फोटो पाठवाल का? आणि तुम्हाला रविवारची सुट्टी असेल तर व्हिडिओ कॉलवर अर्धा तास द्या. तुमच्या सरांबद्दल जे बोलायचं ते मुलांसमोर खुशाल बोला, मी मधे पडणार नाही. फक्त कॉल दिवाळीच्या आधी ठेवू. नंतर त्या सातातले तीन जण आईबापासोबत गेलेले असतील.