फाजल अलींचं राज्यपालपद आणि आमचं बेळगाव

"अहवाल दिला सप्टेंबर १९५५ ला, आणि मे १९५६ ला माणूस आसामचा राज्यपाल! आणखी काय पुरावा पाहिजे तुम्हाला?"

बेळगावच्या शहापुरातल्या आमच्या कट्ट्यावर, राज्यांच्या सीमा सुचवणाऱ्या राज्य पुनर्रचना आयोगाचा विषय निघाला की आण्णांचा आवाज चढतो. चढणारच. न्यायमूर्ती फाजल अली, कुंझरू आणि पणिक्कर या तिघांच्या अहवालानं चंदगड तालुका तेवढा मराठी मुलखाला मिळाला. बेळगाव, खानापूर, निपाणी म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेली. आज स्वतःच्याच शेताचा उतारा हातात आला की आण्णा तो नातवापुढं धरतात आणि त्याच्या बोटामागं आपलं नाव शोधतात. कन्नड वाचता येतं ते नातवालाच.

सुधा वकील आहे, ती तारखांवर कुणाला सोडत नाही. "अर्धंच सांगायलाय आण्णा. आयोग नेमला १९५३ च्या डिसेंबरात. फाजल अली १९५२ पासूनच ओडिशाचे राज्यपाल होते."

"म्हणजे एक बक्षीस आधी, एक नंतर!"

"कशाचं बक्षीस? गोपालन खटला वाचा की जरा."

तो मी वाचलाय, आणि या माणसाबद्दल मला आदर वाटतो तो त्यामुळंच. १९५० साली कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांना प्रतिबंधक स्थानबद्धता कायद्याखाली तुरुंगात ठेवलं होतं. सहा न्यायमूर्तींपैकी चौघांनी कायद्याचा बहुतेक भाग उचलून धरला. फाजल अलींनी वेगळं निकालपत्र लिहिलं: माणसाचं स्वातंत्र्य काढून घ्यायचं तर त्याला कारण कळलं पाहिजे, त्याचं म्हणणं ऐकलं गेलं पाहिजे, आणि मूलभूत हक्क सुटेसुटे वाचून चालणार नाही. सर्वोच्च न्यायालय त्या वाटेला आलं ते १९७० च्या बँक राष्ट्रीयीकरण खटल्यात आणि १९७८ च्या मेनका गांधी खटल्यात. बहुमताला विरोध करणारे दुसरे न्यायमूर्ती कोण? मेहरचंद महाजन! पुढं १९६७ मध्ये सीमाप्रश्नावरच्या महाजन आयोगाच्या अहवालात बेळगाव शहर म्हैसूरकडेच राहू द्या म्हणणारे तेच.

"सरकारपुढं दोघंही ताठ उभे राहिले," आण्णा म्हणाले, "आणि आमच्या वाटणीला दोघांकडूनही नकारच."

सुधा थांबली नाही. पाटण्याला मुख्य न्यायमूर्ती राहिलेले फाजल अली बिहार–बंगाल आणि बिहार–ओडिशा सीमांच्या निर्णयातून स्वतःहून बाजूला झाले. बिहारशी आपला जुना संबंध आहे, असं त्यांनी अहवालातच नोंदवलं. हिमाचल पंजाबात घालू नका, ही त्यांची एकट्याची टिपणी होती आणि सरकारनं ती मानली. असा माणूस पदासाठी निकाल वाकवेल?

मला नाही वाटत. पण आण्णांच्या रागातला खरा प्रश्न त्यानं मिटत नाही. निवृत्तीनंतर महालेखापरीक्षकाला सरकारी पद घेता येत नाही, असं राज्यघटनेतच आहे. न्यायमूर्तींना अशी बंदी घालावी असं के. टी. शहांनी १९४९ साली घटना समितीत सुचवलं होतं. सरकारचा संबंध असलेले खटले न्यायालयात फार थोडे येतात, असं म्हणून डॉ. आंबेडकरांनी ते मान्य केलं नाही. आज उच्च न्यायालयाच्या कुठल्याही दिवसाची यादी काढा, निम्म्या पानांवर सरकार दिसतं. सर्वोच्च न्यायालयातून निवृत्त झालेले फातिमा बीवी, सदाशिवम राज्यपाल होऊन राजभवनात गेले. त्याच न्यायालयातले आपल्या कर्नाटकचे अब्दुल नझीर ४ जानेवारी २०२३ ला निवृत्त झाले आणि १२ फेब्रुवारीला आंध्रचे राज्यपाल म्हणून जाहीर झाले.

"मग लवादांवर कोण बसणार? कायद्यालाच तिथं निवृत्त न्यायमूर्ती लागतात," सुधा म्हणाली.

ते न्यायदानाचंच काम आहे, त्याला माझी हरकत नाही. राज्यपाल राष्ट्रपतींची मर्जी असेतोवर खुर्चीवर, म्हणजे केंद्राच्या मर्जीवर. ज्याला काढायला संसदेत दोन तृतीयांश मतं लागत होती, त्यानं अशा खुर्चीत बसू नये. निदान दोन वर्षं तरी मध्ये जाऊ द्यावीत, तीही कायद्यानं. माणसाच्या चांगुलपणावर सोडून नव्हे.

सुधाला दोन वर्षंही जास्त वाटतात. आण्णांना कायमची बंदी हवी. "सीमाभागासाठी महाराष्ट्रानं केलेला आपला २००४ चा दावा अजून सर्वोच्च न्यायालयात पडलाय," ते म्हणाले. "निकाल आपल्या विरुद्ध गेला तरी सोसेन मी. पण देणाऱ्याला पुढं काय मिळालं, हे पेपरात शोधायची पाळी माझ्या नातवावर येऊ देऊ नका."