प्रेसला, प्रेसवर, प्रेसमध्ये

नाशिकरोडला "ते प्रेसला आहेत" म्हटलं की पुढे काही विचारावं लागत नाही. एक तर नोटा छापणारी नोट प्रेस, नाही तर पासपोर्ट-स्टॅम्प छापणारी सिक्युरिटी प्रेस. तेच "शर्ट प्रेसला आहेत" म्हटलं की कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला. अंबड-सातपूरच्या कारखान्यांत "तो प्रेसवर असतो" म्हणजे पत्रा कापायच्या यंत्रावर. आणि "दुपारी प्रेस घेतली" म्हणजे पत्रकार परिषद. प्रत्यय आणि क्रियापद बदललं की अर्थ आपोआप बदलतो, कुणाचाही घोटाळा होत नाही. 'प्रेस नोट' बातमीदाराच्या हातात पडते, 'नोट प्रेस'मधून पाचशेची बाहेर पडते. इतकं मराठी व्याकरण अंगात मुरलेल्या शब्दाला कुणी उपरा म्हटलं की मला ते पटत नाही.

मूळ लॅटिन 'प्रेमेरे', म्हणजे दाबणे. फ्रेंचमधून तो इंग्रजीत आला तेव्हा त्याचा एक ठळक अर्थ होता गर्दी, रेटारेटी. युरोपात द्राक्षांचा रस काढायला लाकडी स्क्रूची प्रेस वापरत. १४५० च्या सुमारास जर्मनीतल्या माइन्झला गुटेनबर्गने त्याच जातीच्या यंत्राखाली शाई लावलेले अक्षरांचे खिळे आणि कागद ठेवला. मग यंत्राचं नाव छापखान्याला मिळालं, छापखान्याचं वर्तमानपत्रांना आणि शेवटी बातमीदारांना. म्हणजे आपल्या जिल्ह्यातली वाईन आणि आपल्या नोटा एकाच यंत्राच्या पोटच्या आहेत. किती नाशिककरांना हे ठाऊक असेल?

नाशिकला नोटा छापायला सुरुवात झाली १९२८ मध्ये. त्याआधी त्या इंग्लंडहून छापून येत. आजच्या नोटेत खरा 'प्रेस' कुठे आहे, ते बोटाला कळतं. आधी ऑफसेटवर रंगीत पार्श्वभूमी छापली जाते. नंतर इंटाग्लिओ: प्लेटवर कोरलेल्या खाचांत शाई भरायची, वरची पुसून काढायची आणि कागद प्रचंड दाबाने त्या खाचांत दाबायचा. शाई कागदावर उठून बसते. नवी पाचशेची घ्या आणि तिच्या कडेच्या पाच तिरप्या रेघांवरून अंगठा फिरवा. शंभरच्या नोटेवर चार आहेत. अंध माणूस नोट ओळखतो तो या दाबाच्या भरवशावर.

वायनरीतली प्रेस याच्या अगदी उलट स्वभावाची. तिथे दाब जेवढा हळुवार तेवढा चांगला. स्टीलच्या आडव्या, छिद्रांच्या ड्रममध्ये एक पडदा असतो. त्यात हवा भरत दाब थोडा थोडा करत साधारण २ बारपर्यंत (बार हे दाबाचं एकक) नेतात. मध्येच हवा सोडून ड्रम फिरवतात, म्हणजे चोथ्याचा गठ्ठा मोडतो आणि अडकलेला रस वाट काढतो. एक टन द्राक्षांना ढोबळ ६०० ते ७०० लिटर रस. घाई केली, एकदम दाब चढवला, की बिया आणि देठ चिरडतात आणि कडवट, तुरट रस उतरतो. म्हणून शेवटच्या दाबाचा रस वेगळ्या टाकीत ठेवतात. व्हाईट वाईनची द्राक्षं आंबवण्याआधी दाबतात, रेडची आंबवून झाल्यावर, कारण तिला रंग सालीतून घ्यायचा असतो.

पत्रा कापणाऱ्या प्रेस शॉपमध्ये दाब चक्क हिशेबाने ठरतो: कापायचा परीघ गुणिले पत्र्याची जाडी गुणिले शिअर स्ट्रेंग्थ, म्हणजे धातू कापायला दर चौरस मिमीला लागणारं बळ. २ मिमी माइल्ड स्टीलमध्ये १०० मिमीचं भोक पाडायचं तर ३१४ × २ × ३५०, म्हणजे सुमारे २,२०,००० न्यूटन, टनांत सुमारे २२ टन. मग ३० टनी प्रेस घ्यावी, काठावर चालवू नये. पंच (वरून घुसणारं हत्यार) आणि डाय (खालचा साचा) यांच्यामधली फट जास्त झाली की कडेला बर, म्हणजे धातूची खरखरीत कोर येते. कमी झाली की हत्याराची धार लवकर जाते.

कपड्यांबाबत एक फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे. इस्त्री फिरवतात; प्रेस मात्र ठेवून उचलतात. येवल्याची पैठणी उलटी करून, वर सुती फडकं टाकून, कमी तापमानावर अशी प्रेस करावी. जरीवर इस्त्री घासली तर तार चपटते आणि ओढली जाते.

'एक्सप्रेस'ही याच घरातली: दाबून बाहेर काढलेलं, म्हणून स्पष्ट, मग खास एका कामासाठीचं, मग खास गाडी. वेग त्यात फार नंतर आला. पण ब्रिटिश आरमारासाठी माणसं जबरदस्तीने उचलणारी 'प्रेस गँग' मात्र या घरातली नाही. ती 'प्रेस्ट' या वेगळ्या शब्दातून आली आहे. त्याचा अर्थ भरती होताना हातावर ठेवलेली उचल. दाबणं तिला पुढे आवाजाच्या साम्यामुळे चिकटलं.