"नीट मराठीत बोल" म्हणे!

सकाळी नाशकातल्या सीबीएस बसस्थानकावर सुरगाण्याच्या गाडीची चौकशी करणाऱ्या एका म्हातारीवर शेजारचा माणूस खेकसला, "नीट मराठीत बोल ना!" चारजण हसले. तेव्हा मी गप्प राहिले. आता राहवत नाही.

ती कोकणा बोलत होती. गोव्याची कोकणी नव्हे, आपल्या सुरगाणा-पेठ-कळवणच्या डोंगरातली. तिचं स्वतःचं व्याकरण आहे. बिघडलेली मराठी नाही हो ती! नाशकात जन्म काढून एवढंही माहीत नसावं?

भाषाशास्त्र शिकताना मी सुरगाण्याकडच्या एका पाड्यावर राहिले होते. हातात दोनेकशे शब्दांची यादी. घरच्या आजींना विचारलं, "'माझा हात' कसं म्हणता?" त्यांनी माझ्या हाताकडे बघून 'तुझा हात' सांगितलं. बरोबरच होतं त्यांचं. पण माझ्या वहीत दोन दिवस 'माझा'च्या जागी 'तुझा' होता! शिवाय मी पाहुणी, म्हणून माझ्याशी त्या जपून मराठीच बोलायच्या. संध्याकाळी नागलीची भाकरी थापता थापता नातीवर ओरडल्या, तेव्हा कुठे खरी भाषा कानावर पडली. आठवडाभर यादीतून न निघालेली क्रियापदं एका दमात!

इंग्रजांच्या काळात ग्रिअर्सनने केलेल्या भारतातल्या भाषांच्या सर्वेक्षणात (खंड निघाले १९०३ ते १९२८) प्रत्येक भाषेचा नमुना म्हणून बायबलातल्या उधळ्या मुलाच्या गोष्टीचं भाषांतर मागवलं होतं. काम डोंगराएवढं, मान्य. पण भाषांतर मागितलं की भाषांतरच मिळतं. आजी नातीला काय बोलल्या, ते त्यात कुठून येणार?

पोरांना शाळेत, नोकरीत प्रमाण मराठी लागतेच, ठीक आहे. म्हणून म्हातारीने तोंड उघडायचं नाही?

जनगणनेचं तेच. दहा हजारांहून कमी लोक बोलत असतील तर त्या भाषेचं नाव वेगळं छापतच नाहीत. आपल्या बुलढाण्यातली निहाली घ्या. जगातल्या कुठल्याही भाषेशी तिचं नातं सिद्ध झालेलं नाही, आणि बोलणारे उरलेत थोडेच. निहाली बोलणाऱ्या घरातल्या आजी नातीवर ओरडतात तेव्हा शेजारी बसून ऐकायला कितीजण जातात?

चिडून लिहितेय, माहीत आहे. पण पुढचंही सांगते. गर्दी हलल्यावर मी त्या म्हातारीजवळ गेले आणि पाड्यावरच्या आजींनी शिकवलेल्या कोकणा भाषेत विचारलं, कुठे जाणार? आधी तिने मराठीतच उत्तर दिलं, जपून. मग थांबली. माझं क्रियापद चुकलं होतं, ते दुरुस्त केलं. मी पुन्हा म्हटलं. तिने पुन्हा दुरुस्त केलं. तिसऱ्यांदा जमलं तेव्हा गाडी लागली होती.