मोतीबिंदूनंतरचा लाल डोळा आणि थांबायचा सल्ला

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर डोळ्यात होणारा जंतुसंसर्ग रुग्णाच्याच हलगर्जीपणामुळे होतो, अँटिबायोटिकच्या गोळ्यांनी तो टळतो, आणि डोळा लाल झाला तरी पुढच्या तपासणीच्या तारखेपर्यंत थांबायला हरकत नाही, असा संदेश सध्या बराच फिरतो आहे.

यातील पहिला दावा फार तर अर्धसत्य आहे. न धुतलेले हात किंवा पापणीला टेकलेले थेंबांच्या बाटलीचे टोक घातक ठरू शकते. परंतु या संसर्गात सर्वाधिक वेळा सापडणारे स्टॅफिलोकॉकस गटातील जंतू रुग्णाच्या पापण्यांवर एरवीही मुक्कामाला असतात आणि बहुधा शस्त्रक्रियेच्या वेळीच छेदातून आत शिरतात. म्हणूनच शस्त्रक्रियेपूर्वी डोळ्यात पॉव्हिडोन आयोडीन हे जंतुनाशक घालून काही मिनिटे थांबतात. एकाच दिवशी शस्त्रक्रिया झालेल्या अनेकांना संसर्ग झाला, तर संशय दूषित द्रावणावर किंवा उपकरणांवर घ्यायला हवा. तेथे रुग्णाला बोल लावणे हा निव्वळ अन्याय आहे.

गोळ्यांचे औषध डोळ्याच्या आत पुरेसे उतरत नाही. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या युरोपातील मोठ्या चाचणीत संसर्गाचे प्रमाण सुमारे एक पंचमांशावर आले, ते शस्त्रक्रियेच्या शेवटी डोळ्यातच टोचलेल्या सेफ्युरोक्झिम या अँटिबायोटिकमुळे.

तिसरा दावा मात्र दृष्टीवर बेतणारा आहे. शस्त्रक्रियेनंतरची खुपखुप आणि किंचित लाली दिवसागणिक ओसरत जाते. संसर्गात, जो बहुतेकदा पहिल्या एक-दोन आठवड्यांत उद्भवतो, याच्या उलट घडते: चांगले दिसू लागलेला डोळा पुन्हा धुरकट होतो, लाली वाढते, पापणी सुजते आणि कधी बुबुळाच्या तळाशी पुवाचा पांढरट थर आडवा साचलेला दिसतो. दुखत नाही म्हणून निर्धास्त राहण्यातही अर्थ नाही, कारण १९९५ च्या एका प्रसिद्ध अमेरिकी अभ्यासात अशा सुमारे एक चतुर्थांश रुग्णांना वेदना नव्हत्याच. नजर कमी होऊ लागली, एवढे एकच लक्षण त्याच दिवशी, सुटी असली तरी, नेत्रतज्ज्ञाकडे जाण्यास पुरेसे आहे. हा संसर्ग विरळा आहे, साधारणतः हजारात एखाद्याला किंवा त्याहूनही कमी जणांना होतो. पण काही जंतू एक-दोन दिवसांत दृष्टिपटल कायमचे निकामी करतात. त्यामुळे डॉक्टरही डोळ्यातील द्रवाचा नमुना घेतात, त्याच बैठकीत व्हॅन्कोमायसिन आणि सेफ्टाझिडीम ही अँटिबायोटिक्स आत टोचतात, आणि कोणता जंतू आहे हे सांगणाऱ्या अहवालासाठी उपचार अडवून ठेवत नाहीत.