वारलेल्या माणसाची सही कुठून आणू?

बाबांच्या डिस्चार्ज बुकात, म्हणजे सैन्यातून निवृत्त होताना मिळालेल्या सेवापुस्तिकेत, आईचं माहेरचं नाव. आधारवर सासरचं. १९७१ च्या मे महिन्यात लग्न झालं, तांदळात अंगठीने नवं नाव लिहिलं, आणि युनिटमध्ये पार्ट टू ऑर्डर, म्हणजे या बदलाची लष्करी दप्तरातली नोंद, करून घ्यायची राहिली. डिसेंबरात तर बाबा सीमेवरच होते. तिथून काय, खंदकातून अर्ज करायचा होता?

आता फॅमिली पेन्शनसाठी दोन्ही बायका एकच, हे मी सिद्ध करायचं! कोर्ट नाक्यावर प्रतिज्ञापत्र केलं. परत. का? मजकूर ठरलेल्या नमुन्यात नाही. पुन्हा केलं. दोन वर्तमानपत्रांत जाहिरात दिली, एक इंग्रजी, एक मराठी. परत. कात्रण नको, अख्खा अंक हवा. रद्दीवाल्याकडे धावलो, अहो!

आणि कालचं पत्र तर कळसच: ‘दुरुस्तीच्या अर्जावर सैनिकाची सही नाही.’ सोबत मृत्यूचा दाखला जोडलाय, तोही तिसऱ्यांदा, साक्षांकित करून! तो काय पाकिटाला वजन यावं म्हणून?

फोन केला, तर साहेब रजेवर. साहेब येतात तरी कधी?

आई सोफ्यावरून विचारते, “अरे, मग मी नक्की कोण?”