हॉलंडच्या ‘गळ्यात बांधलेलं’ इंजिन? टॉमीवरच्या फॉरवर्डला उत्तर

रेल्वेवेड्यांच्या गटांत एक फॉरवर्ड दर काही महिन्यांनी उगवतो. परवा तो मला एकाच दिवसात तिघांनी पाठवला. त्याचा मथितार्थ असा: ‘टॉमी’ हे ब्रिटनचं मेन लाइनसाठी बनवलेलं पहिलं विजेचं इंजिन. ते साफ फसलं, म्हणून ब्रिटिशांनी ते हॉलंडच्या गळ्यात बांधलं. डच लोकांनीही पाच वर्षांत कंटाळून परत पाठवलं. आणि डोक्यावरच्या तारेत 1500 व्होल्ट डीसी (एकाच दिशेनं वाहणारी वीज) वापरण्याचा हट्ट धरल्यामुळे शेवटी टॉमी ज्यासाठी बांधलं तो सगळा मार्गच बंद पडला. सोबत एक रंगीत फोटो, जो टॉमीचा नाही. तो आहे 26020 क्रमांकाच्या त्याच्या भावंडाचा, जे यॉर्कच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहे. खुद्द टॉमी 1972 मध्ये तोडलं गेलं.

‘पहिलं’ हा शब्द तर लगेच खोडता येतो. टॉमीच्या जवळजवळ वीस वर्षं आधी, 1922 मध्ये, नॉर्थ ईस्टर्न रेल्वेने यॉर्क–न्यूकॅसल मार्ग डोळ्यांपुढे ठेवून 13 क्रमांकाचं विजेचं प्रवासी इंजिन बांधलं होतं. त्याची मुख्य चाकं 6 फूट 8 इंचांची, एखाद्या एक्स्प्रेस वाफेच्या इंजिनाला शोभतील अशी. चाचण्या झाल्या. पण 1923 मध्ये कंपन्यांचं एकत्रीकरण झालं, विद्युतीकरणाची योजना बासनात गेली आणि त्या बिचाऱ्याच्या वाट्याला एकही नियमित गाडी आली नाही. 1950 मध्ये ते भंगारात निघालं. ‘गाडीच न मिळालेलं इंजिन’ ही कहाणी खरी आहे, फक्त ती दुसऱ्याची आहे.

आता मुख्य आरोप. टॉमी डॉन्कास्टरच्या कारखान्यात 1941 मध्ये पूर्ण झालं, नाइजेल ग्रेस्ली लंडन अँड नॉर्थ ईस्टर्न रेल्वेचे मुख्य यांत्रिक अभियंता असतानाच्या आराखड्यावरून. विजेची सामग्री मेट्रोपॉलिटन-व्हिकर्सची. आपल्याकडे जीआयपी (म्हणजे आजच्या मध्य) रेल्वेसाठी घाटातल्या मालगाड्यांची ‘क्रोकोडाइल’ इंजिनं पुरवणारी हीच कंपनी. टॉमी बांधलं होतं मँचेस्टर–शेफील्ड–वाथ या ‘वुडहेड’ मार्गासाठी, म्हणजे पेनाइन डोंगर ओलांडून कोळसा वाहणाऱ्या वाटेसाठी. योजना 1936 ची. युद्ध आलं आणि काम थांबलं. इंजिन तयार, पण डोक्यावर तारच नाही! 1500 व्होल्टची तार जवळपास होती ती मँचेस्टर–ऑल्ट्रिंकॅम या उपनगरी मार्गावर, म्हणून तिथे त्याच्या चाचण्या घेतल्या. पण कोळशाच्या गाड्यांसाठीचं यंत्र लोकलच्या रुळांवर किती दिवस पळवणार?

हॉलंडमध्ये उलटी अडचण होती. तिथे 1500 व्होल्ट डीसीचं जाळं होतं, पण युद्धानंतर इंजिनांची वानवा होती. 1947 मध्ये टॉमी तिकडे गेलं ते उसनं. त्यात दोघांचीही सोय होती. डचांना इंजिन मिळालं आणि ब्रिटिशांना घरी अशक्य असलेली रोजच्या कामातली परीक्षा. 1952 मध्ये ते परत आलं, कारण त्या वर्षी वाथकडच्या भागात विजेच्या गाड्या सुरू झाल्या. उसनी वस्तू गरज पडल्यावर मालक परत घेतोच. त्याला ‘कंटाळून पाठवलं’ म्हणायचं असेल तर शेजाऱ्याकडे दिलेली शिडीसुद्धा दर वेळी कंटाळूनच परत येते.

नावाचंही तेच. ‘टॉमी’ म्हणजे ब्रिटिश शिपाई. युद्ध नुकतंच संपलं होतं, आणि डच रेल्वे कर्मचाऱ्यांनी हे नाव प्रेमानं ठेवलं. नकोशा पाहुण्याला कोणी असं नाव देत नाही.

फॉरवर्डमध्ये एक कण खरा आहे, तो मान्य करायला हवा. वेगात टॉमीची चाल खडबडीत होती. त्याचे बफर (टोकाचे धक्का झेलणारे दांडे) सांगाड्यावर नसून बोगींवर, म्हणजे खालच्या वळणाऱ्या चाकगाड्यांवर, होते आणि दोन्ही बोगी एकमेकींना जोडलेल्या होत्या, म्हणजे गाडीचा ओढा इंजिनाच्या अंगातून न जाता थेट बोगींमधून जायचा. जड मालगाडीला हे उत्तम, वेगवान प्रवासी गाडीला कमी सुखाचं. पण नमुना इंजिन बांधतात ते अशाच गोष्टी कळाव्यात म्हणून. हॉलंडच्या अनुभवावरून आराखड्यात बदल झाले आणि मग गॉर्टनच्या कारखान्यातून आणखी 57 इंजिनं बाहेर पडली. फसलेल्या यंत्राच्या 57 आवृत्त्या कोण काढतं?

डब्यांचा मुद्दा फॉरवर्डवाल्यांना सुचलेलाच नाही, आणि मला तर तोच सगळ्यात रंजक वाटतो. त्या काळातले ब्रिटिश डबे थंडीत वाफेनं गरम होत. वाफेचं इंजिन असलं की वाफ आयतीच मिळे. विजेच्या इंजिनाकडे ती कुठून आणायची? म्हणून प्रवासी गाड्यांसाठी ठरलेल्या विजेच्या इंजिनांच्या पोटात चक्क बॉयलर बसवावा लागला. त्यातल्या बारा इंजिनांना आर्किमिडीज, हेक्टर, युलिसिस अशी प्राचीन ग्रीक छापाची नावं मिळाली, आणि त्या भारदस्त पंक्तीत आपला साधा टॉमी! मँचेस्टर–लंडन गाडी शेफील्ड व्हिक्टोरियापर्यंत विजेवर जाई आणि तिथे पुढे वाफेचं इंजिन लागे. हे सगळं सुरळीत व्हायला 1954 उजाडलं, कारण वुडहेडचे जुने, धुरानं खाल्लेले एकेरी बोगदे सोडून तीन मैलांहून लांब असा नवा दुहेरी बोगदा खणावा लागला. इंजिन बोगद्याच्या तेरा वर्षं आधी तयार होतं!

राहिला 1500 व्होल्टचा दोष. मुंबईत ही पद्धत 1925 पासून 2016 पर्यंत चालली आणि हॉलंडमध्ये आजही आहे. ब्रिटनने पुढे 25,000 व्होल्ट एसी हे प्रमाण मानलं, त्यामुळे वुडहेड मार्ग एकटा पडला, हे खरं. पण तो बंद पडण्याची कारणं वेगळी होती. शेफील्डला जायला दुसरा डोंगरी मार्ग होता, म्हणून 1970 मध्ये प्रवासी गाड्या गेल्या. मग कोळसा आटला आणि 1981 मध्ये मालगाड्याही.

आणि ज्या डचांना टॉमीचा म्हणे वीट आला होता, त्यांनी 1969 मध्ये काय केलं? याच वुडहेड मार्गाची, प्रवासी गाड्यांसाठी बांधलेली सातही मोठी इंजिनं विकत घेतली, एक सुट्या भागांसाठी ठेवलं आणि बाकीची सहा 1986 पर्यंत चालवली. त्यातलं ‘एरिअ‍ॅडनी’ नंतर मँचेस्टरच्या संग्रहालयात आलं, ते डच रेल्वेच्या पिवळ्या रंगातच.